पीयूसीच्या कागदावरचे दोन आकडे: 1994 च्या जिप्सीचा कार्ब्युरेटर घरी उघडताना

प्रकरण एका गाडीचे आणि साधारण तीन महिन्यांचे आहे. गाडी 1994 ची मारुती जिप्सी, रुंद ट्रॅकची, म्हणजे 1993 पासून आलेली एमजी-410-डब्ल्यू. तिचे इंजिन 970 सीसीचे, चार सिलिंडरचे आणि 45 अश्वशक्तीचे आहे. शिडीसारखी चेसिस, पुढे-मागे सॉलिड ॲक्सल आणि चारही चाकांना पाटे अशी तिची रचना असल्यामुळे ती मोटारीपेक्षा छोट्या ट्रकच्या जास्त जवळची आहे. माझ्या मामांनी ती लिलावातून घेतली होती. साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीच्या बाजूला असलेल्या आमच्या शेतापर्यंत शेवटचा दीड किलोमीटर पावसाळ्यात दुसरी कोणतीही चारचाकी जात नाही, म्हणून ती अजून घरात आहे. मामा गेल्यानंतर गाडी माझ्याकडे आली आणि तिच्यासोबत तिच्या इंधनप्रणालीची सगळी गुंतागुंतही आली.

2025 च्या पावसाळ्यात गाडी सुमारे अडीच महिने पडवीत उभी होती आणि टाकीत अर्ध्याच्या आसपास पेट्रोल होते. गणपतीनंतर ती सुरू केली, तेव्हा चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावे म्हणून ओढायची कळ) अर्धा ओढून ठेवल्याशिवाय इंजिन स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, टिकेना. चोक आत ढकलला की दहा-पंधरा सेकंदांत फडफड करून बंद पडायचे. रस्त्यावर साठच्या वेगाने गाडी गुमान चालायची, मात्र पेट्रोल नेहमीपेक्षा बरेच जास्त पिऊ लागली होती आणि मागे बसणाऱ्याला धुराचा वास येत होता. याउलट वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, की गाडी ओढण्याऐवजी दम सोडायची आणि पाय थोडा उचलला की पुन्हा सावरायची. स्लोवर इंधन कमी पडते आहे, मधल्या वेगात जास्त जाते आहे आणि पूर्ण भारावर पुन्हा कमी पडते आहे, अशी तीन परस्परविरोधी लक्षणे एकाच गाडीत होती. हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटले ते या विरोधामुळे. एकच दोष शोधणाऱ्याला ही गाडी कधीच उलगडली नसती.

गाडी प्रथम ज्या गॅरेजमध्ये नेली, तिथे कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, उघडून स्प्रेने धुतला, हवा मारली आणि परत बसवला. आठवड्याभराने तक्रार तशीच, म्हणून पुन्हा तेच झाले. त्याच सुमारास पीयूसीची, म्हणजे धुराच्या तपासणीच्या दाखल्याची, मुदत संपली होती आणि तपासणीत गाडी नापास झाली. गॅरेजमध्ये तो कागद पाहून मिक्श्चरचा, म्हणजे स्लोवरचे पेट्रोल कमी-जास्त करणारा, स्क्रू आणखी आवळला गेला, कारण नापास म्हणजे पेट्रोल जास्त अशी तिथली ठाम समजूत होती. त्यानंतर गाडी चोक ओढूनही नीट उभी राहीना. शेवटी सांगण्यात आले, "साहेब, कार्बोरेटरच संपलाय, दुसरा टाका." मला राग आला नाही. त्या माणसांचे हात कुशल आहेत आणि दिवसाला आठ गाड्या काढायच्या असतात, तेव्हा कागदावरचे बारीक आकडे वाचायला उसंत मिळत नाही. पण मी तो कागद घरी आणून वाचला आणि पुढचे सगळे काम त्या दोन ओळींपासून सुरू झाले.

त्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के होता आणि हायड्रोकार्बन 1,900 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 1,900 भाग. भारत स्टेज-2 या प्रदूषण निकषांच्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन 1,500 पीपीएमपर्यंत चालतो. म्हणजे गाडी नापास झाली होती ती हायड्रोकार्बनवर, तर कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या दहाव्या भागात होता. कार्बन मोनॉक्साइड तेव्हा वाढतो, जेव्हा पेट्रोल जास्त आणि हवा कमी असते आणि ज्वलन अर्धवट होते. हायड्रोकार्बन म्हणजे न जळताच बाहेर पडलेले पेट्रोल. ते दोन कारणांनी वाढते. मिश्रण अतिशय दाट असले तर वाढते, पण तेव्हा कार्बन मोनॉक्साइडही सोबत वर जातो. आणि मिश्रण इतके पातळ असले की ठिणगी पडूनही सिलिंडर पेट घेत नाही, तर तो अख्खा घोट तसाच सायलेन्सरमधून निघून जातो, तेव्हाही वाढते. पहिला आकडा तळाला आणि दुसरा छताला, याचा अर्थ स्लोवर इंजिन उपाशी होते आणि अधूनमधून मिसफायर होत होते. गॅरेजने स्क्रू आवळला, म्हणजे उपाशी माणसाच्या ताटातला आणखी एक घास काढून घेतला.

कार्ब्युरेटर उघडण्याआधी त्याच्याबाहेरचे सगळे तपासून घ्यायचे, असे मी ठरवले. माझा अनुभव असा, की घरी काम करणारा माणूस पाना हातात आला की थेट कार्ब्युरेटरवर जातो आणि मग दोष प्लगमध्ये होता हे आठ दिवसांनी कळते. म्हणून प्रथम चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजले. ते 155 ते 165 पीएसआय भरले आणि त्यांच्यात फारसा फरक नव्हता, तेव्हा इंजिनाच्या पोटाबद्दलची शंका मिटली. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, दिव्याने पाहिले, ते ठीक होते. प्लग काढले, तर त्यांच्या टोकांवर काजळी होती आणि ही काजळी महामार्गावरून आल्यानंतरची होती. गाडीतल्या पेट्रोल पंपाची नळी काढून बाटलीत धार घेतली, ती दमदार होती. मात्र बाटलीच्या तळाशी काळे बारीक कण बसलेले दिसले.

मग इन्टेक मॅनिफोल्डला, म्हणजे कार्ब्युरेटरमधून सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेला, आतली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावला. समुद्रसपाटीला धडधाकट पेट्रोल इंजिन स्लोवर साधारण 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) दाखवते आणि दर हजार फूट उंचीला एक इंच कमी होतो. सातारा सुमारे 700 मीटरवर, म्हणून दोनेक इंच वजा धरावे लागतात. माझी सुई 12 वर थरथरत होती. ही खूण टायमिंगची नव्हती, कॉम्प्रेशनची नव्हती. बहुधा इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढत होते. इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची फवारणीची बाटली घेतली आणि इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटरच्या बुडाशी, जिथे तो मॅनिफोल्डवर बसतो तिथे, थोडे थोडे पाणी फवारले. पुष्कळ जण यासाठी क्लीनरचा ज्वलनशील स्प्रे वापरतात. तापलेल्या इंजिनावर मला तो धोका घ्यावासा वाटत नाही आणि पाणी तेच काम करते. मागच्या बाजूच्या कोपऱ्यावर पाणी पडताच बारीक सूसू आवाज क्षणभर थांबला, इंजिन चढले आणि पाणी ओढले जाताच पुन्हा पडले. तीनदा केले, तीनदा तसेच झाले. आता कार्ब्युरेटर उतरवायला सबळ कारण होते.

इथे कार्ब्युरेटरचे काम थोडक्यात सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे शोध निरर्थक वाटतील. कार्ब्युरेटर पेट्रोल ढकलत नाही. वाडगीतल्या, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या छोट्या साठ्यातल्या, पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो आणि नळीच्या निमुळत्या भागातून हवा वेगाने जाताना तिथला दाब कमी होतो, एवढ्याच फरकावर पेट्रोल बारीक छिद्रांमधून वर चढते. स्लोवर थ्रॉटलची, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी, चकती जवळजवळ बंद असल्यामुळे निमुळत्या भागात ओढच नसते. म्हणून तेव्हाचे पेट्रोल चकतीच्या खालच्या एका स्वतंत्र छिद्रातून येते आणि मिक्श्चरचा स्क्रू तेवढेच छिद्र कमी-जास्त करतो. या जिप्सीच्या कार्ब्युरेटरला दोन नळ्या आहेत. पहिली रोजच्या चालण्याची, दुसरी जास्त ओढ लागली की उघडणारी, आणि दोन्हींचे मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे छिद्राचे पितळी तुकडे, वेगळ्या मापाचे असतात. थोडक्यात स्लो, मधला वेग आणि पूर्ण भार ही तीन वेगळी दालने आहेत आणि एका दालनातला दोष दुसऱ्यात दिसेलच असे नाही.

काम पडवीत केले, बंद खोलीत नव्हे. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढली. पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवले. घरात सांगून ठेवले, की पेट्रोलचा वास आहे तोवर पडवीलगतच्या देव्हाऱ्यातला दिवा लावू नका आणि गिझरही चालू करू नका. आईने त्या संध्याकाळी दिवा तुळशीपाशी, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला लावला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत जाते आणि ठिणगी तिला दूरवर सापडते. ही गोष्ट मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

एअर क्लीनर, चोकची आणि ॲक्सिलरेटरची केबल, पेट्रोलची येणारी आणि टाकीकडे परत जाणारी नळी, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेची, तार, प्रत्येक गोष्ट काढण्याआधी कागदी चिकटपट्टीवर क्रमांक लिहून दोन्ही टोकांना चिकटवला आणि मोबाइलवर फोटो घेतला. कार्ब्युरेटर उचलल्याबरोबर मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबले, कारण तिथे पडलेला एक वायसर थेट इंजिनाच्या पोटात जातो. सुटे भाग ठेवायला इडलीपात्राचे जुने साचे घेतले. पहिल्या थाळीच्या पहिल्या वाटीपासून काढलेल्या क्रमाने एकेका वाटीत स्क्रू, वायसर, जेट असे ठेवत गेलो, की बसवताना उलट क्रमाने उचलत यायचे. यापेक्षा चांगली सोय मला अजून सापडलेली नाही.

वरचे झाकण काढले तेव्हा वाडगीच्या तळाला ओल्या चुन्यासारखा पांढरट रवाळ थर होता, बोटाने चोळला तर किरकिरणारा. भिंतींवर चहाच्या डागासारखा तपकिरी लेप होता. तपकिरी लेप म्हणजे उडून गेलेल्या पेट्रोलचा राळेसारखा शेष, तो जुन्या प्रत्येक कार्ब्युरेटरमध्ये सापडतो. पांढरा थर मात्र पूर्वी एवढा दिसत नसे. तो ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या ओतीव धातूला लागलेला गंज आहे. 20 टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल 6 फेब्रुवारी 2023 ला निवडक पंपांवर सुरू झाले आणि 2025 पर्यंत देशभर सर्रास मिळू लागले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि आमच्या जावळी भागातल्या पावसाळ्यात हवेत ओलावा किती असतो ते सांगायला नको. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे तळाला बसतात. अडीच महिने तो थर माझ्या वाडगीतला धातू खात होता. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचे इथेनॉल होते, कारखान्यांना आणि त्यामुळे शेतकऱ्याला पैसा मिळतो, ही मला आनंदाची गोष्ट वाटते. पण 1994 मध्ये बनलेल्या रबराला आणि धातूला हे इंधन ठाऊक नव्हते. ती जुळवणूक मालकानेच करायची आहे.

स्लोचा जेट उजेडासमोर धरला तर आरपार काही दिसेना. दोनदा धुऊनही तो तसाच राहिला होता. स्प्रे मारल्यावर वरचा मळ गेला असेल, पण छिद्रातला रवा दगडासारखा घट्ट होता. मी तो रात्रभर क्लीनरमध्ये भिजत ठेवला आणि सकाळी विजेच्या वायरमधला तांब्याचा एकच केसाएवढा तंतू घालून अलगद मोकळा केला. जेट पितळेचे असतात आणि पितळ मऊ असते. सुई किंवा टाचणी घातली, की छिद्र रुंद होते किंवा लांबट होते आणि मग त्या जेटवरचा आकडा खोटा ठरतो. भिजत घालण्याआधी रबराचा प्रत्येक भाग वेगळा काढला होता, कारण हेच क्लीनर रबर फुगवते.

मग मेन जेट काढले आणि त्यांच्यावरचे आकडे भिंगाखाली वाचले. अशा जेटवरचा आकडा सहसा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, म्हणजे जितका आकडा मोठा तितके पेट्रोल जास्त. पहिल्या नळीत मोठ्या आकड्याचा जेट होता आणि दुसऱ्या नळीत लहान आकड्याचा. सर्व्हिस पुस्तिकेत बरोबर उलट होते. दोन्हींचे आटे सारखे, डोके सारखे, रंग सारखा, त्यामुळे आधीच्या कुठल्या तरी धुण्यात ते एकमेकांच्या जागी बसले होते. मी तो जेट हातात धरून काही वेळ पायरीवर नुसता बसून राहिलो. मधल्या वेगातली काजळी, वाढलेला पेट्रोलचा खर्च आणि पसरणी घाटात पूर्ण दाबल्यावर तुटणारा दम या दोन विरुद्ध तक्रारींचे उत्तर त्या दोन वाट्यांमध्ये होते. पहिल्या नळीला दुसरीचे पेट्रोल मिळत होते आणि दुसरीला पहिलीचे. जुना कार्ब्युरेटर संपलेला नव्हता.

हवेची गळती अजून बाकी होती. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये उष्णता अडवणारा एक काळा ठोकळा असतो. तो धुऊन उजेडात तिरपा धरला तेव्हा मागच्या बोल्टच्या भोकापासून नळीच्या तोंडापर्यंत केसासारखी चीर दिसली, तिच्यात तेलाची काळी रेघ भरलेली. कार्ब्युरेटरच्या बुडावर स्टीलची पट्टी आडवी ठेवली, तर मधोमध 0.15 मिलिमीटरचा फीलर, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सहज जात होता. म्हणजे कोपरे खाली वाकले होते. हे कसे होते ते समजून घेण्यासारखे आहे. बुडातून हवा ओढली जात आहे अशी शंका आली, की माणूस नट आणखी आवळतो. कोपरे आणखी वाकतात, ठोकळ्यावर ताण येतो, तो चिरतो आणि गळती वाढते, मग नट आणखी आवळला जातो. ठोकळा नवा आणला. बूड सरळ करण्यासाठी खिडकीच्या जाड काचेचा तुकडा टेबलावर ठेवून त्यावर 400 नंबरचा पॉलिश पेपर पसरला, थोडे तेल घातले आणि कार्ब्युरेटर इंग्रजी आठच्या आकारात, वजन न देता, फिरवत राहिलो. प्रथम फक्त कोपरे चमकले, मग कडा आणि पाऊण तासाने चमक सगळीकडे सारखी आली. घाई केली असती तर एक बाजू जास्त घासली गेली असती.

थ्रॉटलच्या दांड्याला बाजूने हलवले, तर थोडी ढिलाई जाणवली. तीस वर्षांत तेवढी होतेच. तिथूनही हवा शिरते, पण ती ढिलाई काढायची तर कार्ब्युरेटरच्या अंगात नवे बुश, म्हणजे दांडा फिरतो त्या धातूच्या कड्या, बसवावे लागतात, लेथवर अचूक भोक मारावे लागते आणि थ्रॉटलच्या चकतीचे स्क्रू, जे मागून ठोकून पक्के केलेले असतात, ते काढावे लागतात. ते घरी करण्याचे काम नाही, असे मी ठरवले आणि तो भाग तसाच सोडला.

रिपेअर किटमधून नवी नीडल (वाडगीत येणारे पेट्रोल अडवणारी सुई), तिची बैठक, ॲक्सिलरेटर पंपाचे रबर आणि सगळी पॅकिंग बसवली. जुन्या नीडलच्या टोकावर नखाला लागेल अशी गोल खाच पडली होती. फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून नीडल बंद करणारा पोकळ भाग, कानाजवळ हलवून पाहिला, आत पेट्रोलचा आवाज नव्हता. गरम पाण्यात बुडवला, बुडबुडे आले नाहीत. मेन जेट आपापल्या जागी गेले. मिक्श्चरचा स्क्रू काढताना तो पूर्ण बंद होईपर्यंतचे फेरे मोजले होते, ते जेमतेम पाऊण भरले होते. बसवताना हलक्या हाताने टेकवून अडीच फेरे उघडला. टाकीपासूनच्या रबरी नळ्या कापून पाहिल्या, तर त्यांचा आतला थर सोलून निघत होता. पंपाच्या धारेतले काळे कण तिथलेच. त्यांच्या जागी इथेनॉल सोसणाऱ्या आतल्या थराच्या, एसएई जे-30 आर-9 छाप असलेल्या नळ्या घातल्या आणि फिल्टर बदलला. टाकीतले जुने पेट्रोल काढून तळ कोरडा केला. कार्ब्युरेटरचे नट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे, तीन वेळा फिरून आवळले आणि हाताला पुरेसे वाटले तिथे थांबलो.

पहिली चूक इथे झाली. स्टार्टर मारताच कार्ब्युरेटरच्या वरून पेट्रोल ओसंडू लागले. मी लगेच चावी बंद केली, बॅटरीची तार काढली आणि सांडलेले पेट्रोल फडक्याने पुसून पूर्ण सुकेपर्यंत अर्धा तास गाडीजवळ कोणाला येऊ दिले नाही. या कार्ब्युरेटरच्या वाडगीला काचेची छोटी खिडकी असते आणि तिच्या मधोमध गोल खूण. पेट्रोलची पातळी त्या खुणेत असली पाहिजे. माझी पातळी खिडकीच्याही वर होती. झाकण पुन्हा उघडून जुना आणि नवा वायसर शेजारी ठेवले. किटमधला नीडलच्या बैठकीखालचा वायसर जुन्यापेक्षा पातळ होता. बैठक तेवढी वर सरकली, तर फ्लोटने नीडल बंद करायच्या आत पेट्रोल जास्त चढते. जुना तांब्याचा वायसर गॅसच्या ज्योतीवर लाल करून, थंड करून, मऊ करून परत घातला, अर्थातच हे स्वयंपाकघरात आणि पेट्रोलचे हात साबणाने धुतल्यावर. पातळी थेट खुणेत आली. किटमधला भाग नवा आहे म्हणून तो बरोबरच असेल, असे मी गृहीत धरले होते. आता प्रत्येक नवा भाग जुन्याच्या शेजारी ठेवून मोजल्याशिवाय बसवत नाही.

दुसऱ्या वेळी गाडी चोकवर लगेच पेटली. इंजिन पूर्ण तापल्यावर चोक आत ढकलला आणि ती टिकली. व्हॅक्यूमची सुई 17 वर जवळजवळ स्थिर होती, तिच्यात जी बारीक थरथर उरली ती दांड्याच्या ढिलाईची असावी. पाणी फवारून पाहिले, आवाज बदलला नाही. मग मिक्श्चरचा स्क्रू इंजिन सर्वात जोरात आणि सुरळीत फिरेल तिथपर्यंत थोडा थोडा उघडला, स्लोचा वेग पुन्हा मिनिटाला 850 फेऱ्यांच्या आसपास आणला आणि असे दोनदा केले. स्क्रू पावणेतीन फेऱ्यांवर थांबला. पीयूसी केंद्रावर त्याच दिवशी कार्बन मोनॉक्साइड 1.6 टक्के आणि हायड्रोकार्बन 420 पीपीएम आला. पहिला आकडा वाढला आणि दुसरा उतरला. तिथल्या मुलाला मी दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले आणि तो बराच वेळ ते पाहत होता.

पसरणी घाट पुन्हा चढलो, गाडीत चौघे आणि मागे खताच्या दोन पिशव्या. पूर्ण दाबल्यावर दुसरी नळी उघडल्याचा खोल आवाज आला आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ओढत राहिली. एकच बारीक तक्रार उरली आहे. थंड सकाळी एकदम ॲक्सिलरेटर दिला, तर क्षणभर अडखळते. याचे कारण इंधनाच्या रसायनात आहे. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते, निव्वळ इथेनॉलला 9 पट आणि 20 टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. नव्या गाड्यांचा ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. पितळेच्या जेटला ते कळत नाही, तो 1994 च्या पेट्रोलच्या हिशोबाने तेवढेच सोडतो, म्हणून मिश्रण जरा पातळ पडते. स्लोवर स्क्रूने ते भरून निघाले. मेन जेट एक पायरी मोठा घालावा असा सल्ला मला मिळाला आहे. पण बारीक ड्रिलने मूळ जेट रुंद करायचा सल्ला मी मानला नाही, कारण ते परत करता येत नाही. तापल्यावर गाडी कुठेही अडत नाही, प्लग आता फिकट तपकिरी दिसतात आणि तोवर मूळ मापाला हात लावण्याचे कारण मला दिसत नाही.

पुढच्या पावसाळ्यासाठी पेट्रोलच्या नळीवर एक कॉक बसवला आहे. जूनमध्ये गाडी उभी करण्याआधी तो बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवायचे, म्हणजे वाडगी बरीचशी रिकामी होईल, आणि टाकी मात्र काठोकाठ भरून ठेवायची, म्हणजे तिच्यात ओली हवा साठायला जागा उरणार नाही. बुशचे काम कोल्हापूरच्या एका लेथवाल्याशी बोलून ठेवले आहे. ते पुढच्या उन्हाळ्यात, शेतातली कामे संपल्यावर करून घेईन. तोपर्यंत इडलीपात्राचे साचे गाडीच्या हत्यारांच्या पेटीतच राहतील, आईने आता नवे आणले आहेत.